सव्वादोन टनांची घाई

लॅम्बोर्गिनीने २०१७ च्या अखेरीस उरूस ही एसयूव्ही दाखवली तेव्हा ती हवेच्या स्प्रिंगांवर उभी होती. २०२२ मध्ये त्याच गाडीची अधिक तिखट आवृत्ती, ‘परफॉर्मांते’, काढताना कंपनीने हवा काढून टाकली. पोलादी कॉइल स्प्रिंगा बसवल्या, गाडी २० मिलिमीटर खाली आणली आणि एकूण वजनातून ४७ किलो उतरवले. मग २०२४ मध्ये बॅटरी आणि मोटर घेऊन उरूस एसई आली, आणि हवा परत आली. वेगवान गाडीला हवेचं सस्पेन्शन शोभतं का, या प्रश्नावर त्या कारखान्याचंच अजून एकमत नाही.

मी पोलादाच्या बाजूची. चाकणला गाड्यांच्या सस्पेन्शनची चाचणी घेणं हे माझं काम आहे, आणि साधी, ठरल्याप्रमाणे वागणारी स्प्रिंग मला आवडते. मामाजी हवेच्या बाजूचे. त्यांनी आधी डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज वाहणारे, पाट्यांच्या स्प्रिंगांवरचे ट्रक चालवले, मग नागपूर-पुणे रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर गेले. व्होल्वोने २००१ मध्ये भारतात आणलेली पूर्ण हवेवरची बस त्यांच्या हाती आली, आणि त्यानंतर त्यांनी पाट्यांचं नाव घेतलं नाही. आता ते सिहोऱ्यात असतात, तुमसर-बपेरा रस्त्याला लागून. दिवाळीत आमचं जे बोलणं झालं ते पुढे देते आहे. घरची बोलणी तेवढी गाळली आहेत.

मामाजी : आधी मले हे सांग बाई, परफॉर्मन्सची गाडी म्हणजे काय? नुसती पळणारी?

मी : नाही मामाजी. सरळ रस्त्यावर आता कुठलीही बरी इलेक्ट्रिक गाडी पळते. परफॉर्मन्सची गाडी पळते, वळते, थांबते, आणि तिन्ही वेळा टायरने रस्ता किती धरलाय ते चालवणाऱ्याला कळत राहतं. स्टिअरिंगमधून, सीटमधून. हे कळणं गेलं की उरतं ते नुसतं मोठं इंजिन.

मामाजी : मंग चाक रस्त्याले टेकून राहणं हेच पहिलं काम झालं ना. चाक वर उडालं तर तुह्या चारशे हॉर्सपॉवरचं काय लोणचं घालायचं? पाट्यावरचा ट्रक भरला असला का बरा चाले. रिकामा परतला का मागची चाकं अशी आदळत का दात वाजत. पकड कुठून राहणार? हवेची बस रिकामी असो का फुल्ल, चाल एकच. ब्रेक लागे तोही एकसारखा.

या अनुभवामागे सरळ गणित आहे. स्प्रिंगवर ठेवलेलं वजन एका ठरावीक लयीत वरखाली होतं. आरामाच्या गाडीत ती लय सेकंदाला साधारण एक ते दीड हेलकाव्यांची, वेगवान गाडीत दीड ते दोन किंवा थोडी वर. पोलादी स्प्रिंगचा कडकपणा कारखान्यात एकदा ठरतो. वजन वाढलं की लय मंदावते आणि गाडी डोलते, वजन उतरलं की लय तेज होते आणि गाडी आपटते. हवेच्या स्प्रिंगमध्ये वजन वाढलं की कॉम्प्रेसर आणखी हवा भरतो, दाब वाढतो आणि दाबाबरोबर कडकपणाही वाढतो. उंची तीच राहते, लयही जवळपास तीच. ज्या वाहनाचं वजन रोज बदलतं त्याला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

मी : पण बसचं वजन बदलतं म्हणून हवा हवी. साडेचौदाशे किलोच्या दोन सीटच्या गाडीत काय बदलणार? शेजारी माणूस बसला, सत्तर किलो. पुढे एक बॅग. एवढ्यासाठी कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या, व्हॉल्व्ह, चार सेन्सर, सगळं घेऊन पळायचं? पोर्शकडे हवेची विद्या आहे. पानामेराला आणि टायकानला ती वापरतातही. पण ९११ अजून पोलादावरच आहे.

मामाजी : दोन सीटवाली घेते कोण आपल्याइकडे? ज्याले परवडते त्याले बायको आहे, दोन पोरं आहेत, सासू आहे. चार दाराची बोल.

चार दारांची गाडी चार माणसं आणि सामान घेऊन निघाली की चारशे किलोचा फरक पडतो. मागच्या धुऱ्यावर तो बराचसा येतो. तिथे मामाजींचं म्हणणं मला मान्य करावं लागलं. पण माझी मूळ तक्रार वजनाबद्दल नव्हतीच, हवेच्या स्वभावाबद्दल होती. ती नीट सांगता येईना, तेव्हा मामाजींनीच ओसरीतला सायकलचा पंप उचलला.

नळीच्या तोंडावर अंगठा दाबून त्यांनी दांडा सावकाश खाली नेला. बराच खाली गेला. मग तोच दांडा एका झटक्यात हाणला. अर्ध्यात अडला आणि हात परत फेकला गेला. हवेची स्प्रिंग अशीच वागते. सावकाश दाबली तर दाबताना तयार होणारी उष्णता बाहेर निघून जाते. झटक्यात दाबली तर हवा तापते आणि तेवढ्यापुरती ४० टक्क्यांपर्यंत जास्त कडक होते. शिवाय जितकं खोल दाबाल तितकी ती अधिकाधिक कडक होत जाते, कारण उरलेली जागा कमी होते. पोलादाला सावकाश दाबा की जोरात, एका मिलिमीटरमागे ते तेवढाच जोर मागतं.

मी : हेच मला खुपतं. वळणात शिरताना स्प्रिंग एक, वळणातल्या खड्ड्यात दुसरी. चालवणाऱ्याने मनात अंदाज बांधायचा कशावर?

मामाजी : खड्डा मोठा असला का जोर मोठा, यात वाईट काय? तुही पोलादवाली बूड टेकते धाडकन. हवेवाली टेकत नाही. खाली जाता जाता स्वतःच आवरते.

मी : ते खरं. आणि आता तर चेंबरही वेगळे करतात. २०१९ च्या टायकानमध्ये एकेका स्प्रिंगला तीन चेंबर होते. व्हॉल्व्हने एक बंद केला की हवेची जागा घटते आणि स्प्रिंग कडक होते. शहरात मऊ, वळणात कडक. पोलादाला हे जमत नाही.

मामाजी : मंग तू तर माह्याच बाजूने बोलून राह्यली.

मी : चेंबर बदलला तरी रबर बदलत नाही. बेलो म्हणजे धाग्याचं अस्तर असलेला रबरी पिशवीसारखा भाग. मोठ्या हेलकाव्यात तो छान दुमडतो, पण रस्त्याच्या बारीक खरखरीला रबर स्वतःच आडमुठं होतं. म्हणून चांगल्या कंपन्या बेलो पातळ करतात आणि बाहेरून ॲल्युमिनियमची नळी देऊन त्याला धरून ठेवतात. तरी जी बारीक थरथर हातापर्यंत यायला हवी ती थोडी पुसली जाते. बसमधल्या झोपलेल्या माणसाला ती नकोच असते. मला हवी असते.

मामाजींनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. त्यांना पुरावा हवा होता, आणि माझ्याकडे पाइक्स पीकचा होता. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधला तो डोंगर. सुमारे २० किलोमीटरची चढण, १५६ वळणं, शेवट ४,३०२ मीटर उंचीवर. २०१८ मध्ये हवेच्या स्प्रिंगांवरच्या बेंटली बेंटायगाने तो १० मिनिटं ४९.९ सेकंदांत चढला. २०२२ मध्ये पोलादावरच्या उरूस परफॉर्मांतेने १० मिनिटं ३२.०६ सेकंद घेतले. दोन्ही एसयूव्ही, दोन्ही दोन टनांच्या वरच्या.

मामाजी : हॉर्सपॉवर दोघींची तेवढीच होती?

मी : नाही. उरूसची ६६६, बेंटलीची ६०८.

मामाजी : टायर?

मी : उरूसला जवळजवळ रेसचे.

मामाजी : आणि वजन?

मी : बेंटलीचं जास्त.

मामाजी : मंग स्प्रिंगनं जिंकलं असं काहून म्हणतेस? तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि जिंकण्याचं बक्षीस चौथीले देऊन राह्यली.

बरोबर होतं. आम्ही चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलतो, आणि इथे मी तो नियम सोडला होता. पण मग त्यांच्या बाजूच्या पुराव्यालाही तोच नियम लागला पाहिजे. तो पुरावा जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगचा. २० किलोमीटर आठशे मीटरांचा तो जुना रस्ता टायकान टर्बो जीटीने २०२३ मध्ये ७ मिनिटं ७.५५ सेकंदांत कापला, आणि ती गाडी हवेच्या स्प्रिंगांवर आहे. ऐकायला मामाजींचा विजय वाटतो. पण त्या गाडीत ‘ॲक्टिव्ह राइड’ आहे. प्रत्येक शॉकअपला स्वतःचा विजेवर चालणारा तेलाचा पंप असतो, आणि तो चाकाला जोर लावून वर ओढतो किंवा खाली दाबतो. गाडी ब्रेकला नाक खाली घालत नाही, वळणात झुकत नाही, कारण पंप तिला झुकू देत नाही. हवेची स्प्रिंग तिथे फक्त उभ्या गाडीचं वजन धरून ठेवते, आणि तीही एकाच चेंबरची, साधी. तीन चेंबरांची करामत लागतच नाही.

मामाजी : म्हणजे काम पंपानं केलं.

मी : पंपाने. तशीच फेरारीची पुरोसांग्वे. २०२२ ची, चार दारांची. तिच्या शॉकअपलाही विजेची मोटर जोर देते, पण स्प्रिंग पोलादी. पंप किंवा मोटर आली की खाली हवा ठेवा की पोलाद, दोन्ही चालतं.

मामाजी : पंप नसलेली सांग. जिच्यात दोन्ही मिळतात अशी आहे का कोणती?

आहे, आणि या सगळ्या वादात मला तिचाच पुरावा सर्वांत प्रामाणिक वाटतो. ऑडीची आरएस ६ अवांत. तोच कारखाना, तीच गाडी, तेच इंजिन. मुळात ती हवेवर येते. ज्याला अधिक धारदार हवी त्याला पैसे भरून पोलाद मिळतं. त्यात शॉकअप तिरके जोडलेले असतात, पुढचा डावा मागच्या उजव्याशी, मध्ये तेलाचा व्हॉल्व्ह, म्हणजे वळणात एक कोपरा दबायला लागला की दुसरा त्याला आवरतो. आणि २०२४ मध्ये ऑडीने त्याच गाडीची फक्त ६६० नगांची जीटी आवृत्ती काढली तेव्हा तिला हाताने उंची बदलता येणाऱ्या कॉइल स्प्रिंगा दिल्या. ज्यांनी दोन्ही बांधल्या, दोन्ही चालवल्या, त्यांनी सर्वांत तेज गाडीसाठी पोलाद निवडलं.

मामाजी : ६६० गाड्यांसाठी. बाकी दुनियेले काय देऊन राह्यले?

मी : हवा.

मामाजी : मंग ते दोन्हीकडून बोलले. तेज चालवायची तर पोलाद, रोज चालवायची तर हवा. अन् गाडी लोक रोज चालवतात.

इथे मामाजींनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली जी माझ्या बाजूची होती. घाटातल्या लांब वळणावर हवेची बस झुकली की झुकलेल्या बाजूचा लेव्हलिंग व्हॉल्व्ह समजतो, इकडे वजन आलं. तो तिकडे हवा भरू लागतो. वळण संपलं, रस्ता सरळ झाला, पण ती हवा क्षणभर तिथेच असते, आणि बस उलट्या बाजूला कलते. पुढचं वळण उलटं असलं तर ते कलणं त्यात मिळतं. मामाजी म्हणाले, नवीन ड्रायव्हरला हे कळायला वेळ लागतो, कारण चूक वळणात दिसत नाही, वळणानंतर दिसते. व्हॉल्व्हला मुद्दाम थोडा उशीर दिलेला असतो, पण लांब वळण त्या उशिराहून लांब निघतं. कारमध्ये आता संगणक बाजूचा जोर मोजतो आणि वळण चालू असताना हवेची ये-जा बंद ठेवतो. तो दोष गेला आहे. पण तो घालवण्यासाठी एक सेन्सर आणि एक प्रोग्राम लागला, आणि पोलादाला मुळात तो दोषच नव्हता.

मग रस्त्याचा विषय निघाला, आणि रस्त्याबद्दल मामाजींशी वाद घालणं कठीण आहे.

मामाजी : तुह्या चाकणमध्ये बनते का अशी गाडी?

मी : बनली आहे. मर्सिडीजने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एएमजी जीएलसी ४३ कूपे चाकणला जोडायला सुरुवात केली. भारतात जोडलेली ती पहिली एएमजी. ३९० हॉर्सपॉवर, शंभरला ४.९ सेकंद, आणि हवेवर.

मामाजी : पाह्य. इथे बनवायची वेळ आली तर त्यायनं कोणती निवडली? हवेची.

मी : जर्मनीतही तिला तीच होती मामाजी. आणि महिंद्राने २०२४ मध्ये त्याच चाकणमधून बीई ६ आणली, ती कॉइल स्प्रिंगांवर आहे. शॉकअप तेवढे विजेवर घट्ट-सैल होतात.

मामाजी : ते राहू दे. तू नागपूरहून समृद्धीनं ये-जा करतेस. ७०१ किलोमीटर, १२० ची मर्यादा, सिमेंटचा सपाट रस्ता. तिथं गाडी खाली बसलेली पाहिजे का नाही?

मी : पाहिजे. खाली बसली की हवेचा अडथळा कमी होतो, गाडी स्थिर राहते.

मामाजी : आणि समृद्धी सोडून भंडारा, तुमसर करत इथे आली का? गावागावात ब्रेकर. सरकारी मापाचा ब्रेकर किती असते?

मी : इंडियन रोड्स काँग्रेसचं माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ च्या वेगाने आरामात ओलांडता यावा असा.

मामाजी : तसा एक दाखव मले इथे. गावच्या ब्रेकरची रुंदी हातभर अन् उंची त्याच्या मनावर. पोलादवाली खाली बसवलेली गाडी त्याच्यावर पोट टेकवून बसन. हवेवाली बटन दाबलं का उठते. एकाच दिवसात एकाच गाडीले दोन उंच्या पाहिजेत, अन् ते हवाच करू शकते.

माझ्याकडे उत्तर होतं, अर्धं. ९११ मध्ये पोलादी स्प्रिंगा ठेवूनही पुढचं नाक तेलाच्या दाबाने सुमारे ४० मिलिमीटर उचलता येतं, आणि एकदा उचललेली जागा गाडी उपग्रहाच्या मदतीने लक्षात ठेवते. पुढच्या वेळी त्या ब्रेकरपाशी नाक आपणहून वर येतं. पण फक्त नाक. हातभर रुंदीच्या उंच ब्रेकरवर घासतो तो गाडीचा मधला भाग, आणि लांब चार दारांच्या गाडीत तो जास्तच घासतो. तिथे चारही चाकं उचलणारी हवाच उपयोगी पडते. चालवता न येणाऱ्या रस्त्यावर गाडीची धार निरुपयोगी असते, आणि आमच्या जिल्ह्यातले बरेच रस्ते पोलादी, खाली बसवलेल्या गाडीला दार बंद करतात. ही गोष्ट चाकणच्या चाचणीमार्गावर बसून मला इतकी जाणवली नव्हती.

पण याच रस्त्यावर हवेची दुसरी बाजूही दिसते. सिहोरा परिसरातून वैनगंगेची आणि बावनथडीची रेती टिपरने जाते. फळ्यांच्या फटीतून ती सांडते आणि रस्त्याच्या कडेला तिचा थर साचतो. पावसात तिचा चिखल उडतो. बेलो खाली दुमडतो तिथे रबराची एक घडी तयार होते, आणि गाडी चालताना ती घडी सतत वरखाली सरकत असते. त्या घडीत रेतीचे कण शिरले की रबर आतल्या आत घासलं जातं.

मामाजींनी बसचा बेलो कसा तपासतात ते मला पूर्वी दाखवलं होतं. बादलीत साबण फेसायचा, फडक्याने तो बेलोच्या घडीवर फिरवायचा, आणि थांबायचं. फाटलेला बेलो लगेच फसफसतो, तो शोधायला साबण लागत नाही. झिजलेला बेलो मोहरीएवढे बुडबुडे काढतो, एकामागून एक, एकाच ओळीत, जिथे धाग्याचं अस्तर उघडं पडायला लागलेलं असतं. ती ओळ दिसली की बेलोला पुढच्या फेरीवर पाठवायचं नाही.

मी : कारमध्ये ही ओळ कोणी पाहत नाही. वरून रबरी टोपी असते, आत ॲल्युमिनियमची नळी. बारीक गळती महिनोन्‌महिने चालते. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. कॉम्प्रेसर रोज जास्त वेळ चालून ती उचलतो आणि शेवटी जळतो. गळती बेलोची, बळी कॉम्प्रेसरचा. आणि दोन्हीचं बिल एकदम येतं.

मामाजी : पाण्याचं काय करतात? आम्ही रोज सकाळी टाकीची कडी ओढून पाणी काढत होतो. धान रोवणीच्या दिवसांत तर फुर्र करून तेलकट पाणी निघे.

मी : कारमध्ये ओलावा शोषणारे दाणे असतात. ते थकले की पाणी व्हॉल्व्हपर्यंत जातं. कडी नसते.

मामाजी : अन् उन्हाळा? इथं पंचेचाळीसच्या वर जाते पारा.

या प्रश्नाला मात्र हवेच्या बाजूचं उत्तर आहे, आणि ते मला द्यावंच लागलं. डिसेंबरच्या पहाटेचे १२ अंश आणि मे महिन्यात रस्त्यालगतचे ४७ अंश, यांत बंद डब्यातल्या हवेचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी बदलतो. ऐकून वाटतं स्प्रिंग बिघडली. पण उंची सांभाळणारी यंत्रणा हवा भरून किंवा सोडून गाडी पहिल्या उंचीवर आणते, आणि तेवढंच वजन तेवढ्याच उंचीवर धरायला दाबही तेवढाच लागतो. म्हणजे कडकपणा जवळपास तोच राहतो. उन्हाळा स्प्रिंगला नाही, कॉम्प्रेसरला आणि रबराला जड जातो.

हवेचा इतिहास दोन्ही बाजूंना थोडंथोडं देतो. कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रूममध्ये हवेचं सस्पेन्शन दिलं, ते इतकं गळायचं की पुढे अनेक मालकांनी ते उपटून कॉइल स्प्रिंगा घातल्या. उलट मर्सिडीजची १९६८ ची ३०० एसईएल ६.३ हवेवरच होती, ताशी २२० पर्यंत जायची आणि तिच्या काळातल्या सर्वांत वेगवान चार दारांच्या गाड्यांत मोडायची. त्याच गाडीवरून एएमजीने बांधलेली लाल रेसगाडी १९७१ मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत दुसरी आली, आणि एएमजीचं नाव तिथून झालं. जड आणि वेगवान ही जोडी तेव्हापासूनची आहे.

मामाजी : मंग भांडण कशाचं राह्यलं? तू म्हणतेस हलकी गाडी पोलादावर. मी म्हणतो भारी गाडी हवेवर.

मी : भांडण भारी गाडीशी आहे. टायकान सव्वादोन टनांची. उरूस जवळपास तेवढीच. एवढं वजन वळणात फेकायचं आणि वर त्याला परफॉर्मन्स म्हणायचं, तर त्याला आवरायला तीन चेंबर, पंप, सेन्सर, संगणक लागणारच. त्या प्रत्येकाचं पुन्हा वजन होतं. परफॉर्मांतेचंही वजन आधी उतरवावंच लागलं. सस्पेन्शनने वजन लपवता येतं, कमी करता येत नाही. टायरला ते कळतंच, ब्रेकला कळतंच.

मामाजी : बॅटरी हलकी होईपर्यंत लोकायनं थांबायचं का? आज जी गाडी रस्त्यावर आहे तिचं बोल.

मी : आजच्या गाडीचं बोलायचं तर लूसिडने आपली एअर सफायर पोलादावर ठेवली आहे. बाराशेच्या वर हॉर्सपॉवर, बॅटरीची, चार दारांची, जड. कॉइल स्प्रिंग आणि विजेवर बदलणारे शॉकअप, बस. म्हणजे जमतं.

मामाजी : ती तुमसरच्या ब्रेकरवरून आणून दाखव.

यावर मी गप्प राहिले नाही, पण मला जे म्हणायचं होतं ते आता बदललं होतं. दोन टनांच्या आत, दोन सीट किंवा छोटी चार दारं, तिथे मी पोलादावरून हलणार नाही. दोन टनांच्या वर, चार माणसं घेऊन जाणारी, समृद्धीवरून उतरून सिहोऱ्यापर्यंत येणारी गाडी असेल, तर हवा तिला शोभते असं मी आता म्हणते. फक्त एका अटीवर, आणि ती अट मामाजींच्या बसकडून घेतली आहे.

मी : बसचा बेलो फाटला की तुम्ही काय बदलता?

मामाजी : बेलो. शॉकअप वेगळा, बेलो वेगळा. जॅक लाव, हवा सोड, जुना काढ, नवा बसव. रस्त्याच्या कडेला होते.

मी : कारच्या पुढच्या चाकाला बेलो आणि शॉकअप एकाच नगात असतात. स्ट्रट. मोहरीएवढा बुडबुडा निघाला तरी अख्खा स्ट्रट बदला. किंमत लाखाच्या घरात, आणि सर्व्हिस सेंटर नागपूरला. नव्या गाडीच्या मालकाला हे परवडतं. आठ-दहा वर्षांनी तिसऱ्या हातात गेलेल्या गाडीच्या मालकाला नाही. तो मग बाजारातल्या सैल कॉइल घालतो, आणि चारशे हॉर्सपॉवरची गाडी कोणीही न तपासलेल्या स्प्रिंगांवर पळू लागते. ती मला हवेपेक्षाही जास्त धोक्याची वाटते.

मामाजी : मागं वेगळे असतात ना काही गाड्यांत?

मी : असतात. मागे जागा असते म्हणून बेलो वेगळा, शॉकअप वेगळा ठेवतात. पुढे इंजिन, स्टिअरिंग, ड्राइव्हशाफ्ट, जागाच नसते. पण इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही.

मामाजी : मंग पुढंही वेगळा करायले काय अडते?

मी : चाक धरणाऱ्या दोन हातांच्या सांध्याची रचना थोडी बदलावी लागेल, वरच्या टोकाला जागा काढावी लागेल. खर्च वाढेल. पण अडत नाही.

मामाजी : तू गेली का तुह्या साहेबाले हे सांग. अन् टाकीले कडी लावायले सांग.